शनिवारच्या खाड्याचे पैसे

इंग्लंडमधल्या लीड्सचं हेडिंग्ले म्हटलं की आपल्या लोकांना क्रिकेटच आठवतं. १९८६ ला वेंगसरकरने पहिल्या इनिंगला ६१ आणि दुसऱ्याला नाबाद १०२ काढले ते हेडिंग्ले, २००२ ला द्रविड, सचिन, गांगुली तिघांनीही सेंच्युरी ठोकली ते हेडिंग्ले, आणि २०१९ ला स्टोक्सने शेवटच्या विकेटला हातातून गेलेली अॅशेस टेस्ट खेचून आणली तेही तेच. माझा नवरा तर या विषयावर कुठूनही सुरू होऊ शकतो. १९९२ ला यॉर्कशरने पहिल्यांदाच परदेशी खेळाडू घेतला तो आपला सचिन, हे वाक्य त्याने इथल्या दूधवाल्यालाही ऐकवलंय. पण त्या ग्राउंडवर एक स्टँड असा आहे की त्याच्या एका बाजूला बसलं तर क्रिकेट दिसतं आणि पाठीमागच्या बाजूला बसलं तर रग्बीचं मैदान. बिल्डिंग एकच, पाठीला पाठ लावून दोन खेळ, आणि दोन्हीकडचं पब्लिक पण पुष्कळसं वेगळं. मी लिहितेय ते त्या पाठीमागच्या खेळाबद्दल, आणि त्यातल्या रॉब बरो नावाच्या एका खेळाडूबद्दल.

आम्ही लीड्सला आलो ते माझ्या प्रोजेक्टमुळे, आणि घर हेडिंग्लेत घेतलं ते नवऱ्याच्या हट्टामुळे. क्रिकेट उन्हाळ्यात मोजके दिवस. बाकी वर्षभर जो आरडाओरडा खिडकीतून यायचा तो रग्बीचा. शुक्रवारी संध्याकाळी फ्लडलाइट लागले की रस्त्यावर निळ्या-पिवळ्या जर्सी, आजीपासून नातवापर्यंत अख्खी घरंच्या घरं चाललेली. माझ्या टीममध्ये एकजण कॅसलफोर्डचा होता (लीड्सच्या आग्नेयेला, पूर्वी कोळशाच्या खाणींचं गाव, हेन्री मूर हा शिल्पकार तिथलाच, हे तो दर महिन्याला एकदा सांगायचाच). त्याने आम्हाला एकदा ओढत नेलं. त्याची टीम कॅसलफोर्ड, समोर लीड्स, आणि तो बसला, सॉरी उभा राहिला, लीड्सवाल्यांच्या साउथ स्टँडमध्ये, कारण तिथे अजूनही उभं राहून मॅच बघतात आणि बसून रग्बी बघणं त्याला पटत नाही.

मला सगळ्यात आधी काय जाणवलं असेल तर आवाज. टीव्हीवर तो येतच नाही. शंभर-एकशेदहा किलोचा माणूस बॉल छातीशी धरून सरळ पळत येतो, समोरून तीनजण त्याच्यावर जातात, आणि एक धप्प असा ओला, जड आवाज होतो, आणि आपण नकळत "आई गं" म्हणतो. तो माणूस खाली. वर तीन. मग ते उठतात, तो पण उठतो, बॉल जमिनीवर ठेवून पायाने मागे ढकलतो, लायनीत परत जातो आणि थोड्या वेळाने परत तेच करायला येतो. ऐंशी मिनिटं हेच चालू. आमच्या समोरच्या बाजूला एकजण टॅकल करून उठला तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केलं तर तोंडातला माउथगार्ड काढून थुंकला, उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हाताने ओढून सरळ केली, आणि परत पळाला. फिजिओकडे बघितलं पण नाही. मी ते बघून बराच वेळ गप्प होते, नवरा म्हणाला थंडी वाजतेय का.

हा खेळ म्हणजे रग्बी लीग. आपण ऑलिम्पिकला सेव्हन्स बघतो किंवा वर्ल्ड कपच्या वेळी न्यूझीलंडचा हाका नाच बघतो ती रग्बी युनियन, हा तो खेळ नाही. लीगमध्ये एका बाजूला १३ जण, युनियनमध्ये १५. ज्यांना हे दोन्ही माहीत नाहीत त्यांनी आपली कबड्डी डोळ्यासमोर आणावी. एकजण समोरच्यांच्या अंगावर जातो, ते त्याला धरतात, सुटला तर पुढे, धरला तर थांबला. फरक एवढाच की इथे धरला गेला म्हणून बाद होत नाही, उठून परत सुरू, पण अशा पकडी (म्हणजे टॅकल) सहाच, सहावी झाली की बॉल समोरच्या टीमचा. त्यामुळे पाचव्या पकडीनंतर सहसा बॉल लांब किक मारून देतात आणि सगळे त्याच्या मागे धावतात. बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय, चार पॉइंट. बस, एवढं कळलं तरी मॅच बघता येते. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते आणि मंडळाकडून कबड्डी खेळायचे, त्यांना हा खेळ पाच मिनिटांत कळला असता आणि दहाव्या मिनिटाला त्यांनी पकड कशी चुकली ते सांगायला सुरुवात केली असती.

आणि आजोबांना याचा जन्म कसा झाला ते तर फारच पटलं असतं. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, एकोणिसाव्या शतकात रग्बी खेळणारे लोक कोण होते, तर खाणकामगार, गिरणीकामगार, गोदीतले. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. मॅच लांबच्या गावाला असली की खाडा करावा लागायचा आणि मजुरी बुडायची. उत्तरेतले क्लब म्हणाले की बुडालेल्या मजुरीपुरते तरी पैसे खेळाडूंना देऊ द्या, दिवसाला सहा शिलिंग. लंडनच्या रग्बी युनियनमधले लोक, म्हणजे मोठ्या शाळा-कॉलेजांतून आलेले, ज्यांना शनिवार काय आणि सोमवार काय सारखेच, ते म्हणाले छे, खेळ हा पैशासाठी नसतो. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या वीसेक क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. नियम नंतर बदलत गेले, १९०६ ला १५ चे १३ झाले, सहा टॅकलचा नियम तर १९७२ चा. म्हणजे आधी भांडण झालं ते पैशावरून, खेळ वेगळा झाला तो मागाहून. मला माहीत असलेल्या खेळांमध्ये हा एकच असा आहे की ज्याचा जन्मदाखलाच मजुरीच्या वादावर लिहिलाय.

युनियनवाल्यांनी पुढची शंभर वर्षं हा राग धरून ठेवला. एखाद्याने लीगच्या क्लबकडून पैसे घेतले की युनियनचे दरवाजे त्याला कायमचे बंद. वेल्समधून कित्येक चांगले खेळाडू उत्तरेला आले ते परत जायचा रस्ता नाही हे माहीत असून. बिली बॉस्टन त्यातलाच. कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला, वडील सिएरा लिओनचे. १९५३ ला विगन क्लबवाले त्याच्या घरी आले, टेबलावर नोटा मांडल्या, आणि त्याच्या आईने नाही म्हणतील म्हणून मुद्दाम ३,००० पौंड मागितले तर ते चक्क हो म्हणाले, असं सांगतात. पोराने पुढे कारकिर्दीत ५७१ ट्राय केले. १९५७ च्या वर्ल्ड कपनंतर ब्रिटनची टीम परतताना दक्षिण आफ्रिकेत खेळायला थांबली, तिथे वर्णद्वेषाचं राज्य, म्हणून बॉस्टन त्यात नव्हता, तो एकटाच घरी परतला. आणि एवढ्या मोठ्या खेळाडूला 'सर' ही पदवी मिळाली कधी, तर जून २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत. रग्बी लीगच्या १३० वर्षांत खेळाडू म्हणून नाइटहूड मिळालेला तो पहिला. क्रिकेटवाले, युनियनवाले, घोडेस्वारीवाले कधीचे सर होऊन बसलेत. मला आपलं वाटतं की हा निव्वळ योगायोग नाही.

आणि गंमत म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये, त्या हॉटेलातल्या बैठकीला शंभर वर्षं होत असतानाच, युनियनने जाहीर केलं की आता आम्ही पण पैसे देणार. मग उलटा ओघ सुरू झाला. जेसन रॉबिन्सन विगनकडून लीग खेळायचा, तो युनियनमध्ये गेला आणि २००३ च्या युनियन वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडचा एकमेव ट्राय त्याने केला. शंभर वर्षं ज्याला बाटगा म्हटलं असतं त्याच्या जिवावर कप आणला.

असो. मला लिहायचंय ते एका खेळाडूच्या नोकरीबद्दल. हो नोकरीच, कारण तिकडे या करिअरकडे लोक तसंच बघतात. मुलगा गावच्या क्लबकडून सात-आठ वर्षांचा असताना सुरू होतो, चौदा-पंधराला मोठ्या क्लबचा माणूस येऊन बघून जातो, मग स्कॉलरशिप, मग अकॅडमी, अठरा-एकोणिसाला नशिबात असेल तर पहिली टीम. सुपर लीग म्हणजे तिथली सगळ्यात वरची डिव्हिजन, तिच्या एका क्लबने सगळ्या खेळाडूंवर मिळून साधारण २१ लाख पौंडच खर्च करायचे असा कॅप आहे, थोड्या सवलती सोडल्या तर. ऐकायला खूप वाटतं, पण प्रीमियर लीगमधले काही फुटबॉलर एवढे पैसे दोन महिन्यांत एकटे घेतात. त्याच्या खालच्या डिव्हिजनमध्ये तर बहुतेकजण दिवसा काम करतात, कोणी प्लंबर, कोणी बांधकामावर परांची बांधणारा, कोणी शाळेत शिक्षक, आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. बत्तीस-तेहतिसाला गुडघे आणि खांदे हिशोब मागायला लागतात. दहा वर्षं एकाच क्लबला दिली तर टेस्टिमोनियल मिळतं, म्हणजे वर्षभर त्याच्या नावाने जेवणं, लिलाव, एक मॅच, आणि जमलेले पैसे त्याला. ही प्रथा मला आवडते आणि थोडी टोचते पण. म्हणजे फंड-ग्रॅच्युइटीची कमी भरून काढायला चाहत्यांनी वर्गणी काढायची, असंच ना.

तर रॉब बरो. जन्म २६ सप्टेंबर १९८२, पॉन्टेफ्रॅक्ट, वाढला कॅसलफोर्डमध्ये. उंची पाच फूट पाच इंच. म्हणजे मी हिल्स घातल्या तर माझ्याएवढा. आणि समोर ती शंभर-शंभर किलोची माणसं. त्याच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या ओळीत उंची येते, बिचाऱ्याला आयुष्यभर तेच ऐकावं लागलं की तू लहान आहेस. मी पण तेच केलं बघा आत्ता. पण याचं कारण आहे, कारण या खेळात लपायला जागा नाही. बॅटिंगला सातव्या नंबरवर पाठवतात तसं कोणाला मागे ठेवता येत नाही, जो बारका आहे त्याच्याच दिशेने समोरचे आपला सगळ्यात जाड माणूस मुद्दाम पळवतात. मॅचभर. त्याला दमवायला. बरो आधी सात नंबर, म्हणजे स्क्रम हाफ, टीमचा मेंदू म्हणतात ती जागा. नंतर नऊ नंबरला, हुकर म्हणून पण खेळायला लागला, आणि त्या जागेवर एका मॅचमध्ये चाळीस-पन्नास टॅकल करणं ही नेहमीची गोष्ट. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाने.

२००१ ला लीड्स ऱ्हायनोजकडून पहिली मॅच, २०१७ ला शेवटची. सतरा सीझन, एकच क्लब, जवळपास ५०० मॅचेस. २००४ ला लीड्स चॅम्पियन झालं तेव्हा क्लबने ३२ वर्षं वाट बघितली होती. त्यानंतर जणू सवयच लागली, २००७, २००८, २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७. आठ ग्रँड फायनल, म्हणजे सीझनचा चॅम्पियन ठरवणाऱ्या मॅचेस, जिंकल्या आणि आठही वेळा हा होता. त्यातल्या पहिल्या सातांना केव्हिन सिनफिल्ड कॅप्टन, ओल्डहॅमचा. डॅनी मॅग्वायर, जेमी जोन्स-बुकॅनन, आणि हा. सगळे क्लबच्या अकॅडमीतून वर आलेले, सोळा-सतरा वर्षांचे असल्यापासून एकत्र.

२०११ ची ग्रँड फायनल मी नंतर यूट्यूबवर बघितली, आणि तो एक ट्राय तर किती वेळा. लीड्स त्या वर्षी टेबलमध्ये पाचवं आलं होतं, पाचव्या नंबरावरून तोपर्यंत कोणी चॅम्पियन झालेलं नव्हतं. समोर सेंट हेलेन्स, मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. बरो बेंचवर, म्हणजे सुरुवातीच्या तेराजणांत पण नाही. आत येतो, बॉल घेतो, आणि समोरून जो पकडायला येतो त्याच्या हाताखालून वाकून निघतो. इथे खरं तर त्याची उंची कामाला येते, दुसरा कोणी असता तर तो हात गळ्यात बसला असता. मग मोकळं मैदान. शेवटी फक्त फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणारा, उरतो, आणि पुढे काय झालं हे मला स्लो करून बघावं लागलं, तो एक पाय असा टाकतो की फुलबॅकचं वजन चुकीच्या पायावर जातं, आणि तो नुसता वळून बघत राहतो. निम्म्या मैदानाच्या वर एकटा पळाला असेल. लीड्स ३२-१६ ने जिंकलं. मॅन ऑफ द मॅचला तिथे हॅरी संडरलंड ट्रॉफी देतात, पत्रकार मत देतात, आणि त्या दिवशी सगळीच्या सगळी मतं त्याला. बेंचवरून आलेल्या माणसाला!

पण मला त्या ट्रायपेक्षा बाकीची सतरा वर्षं जास्त विचारात पाडतात. हायलाइट्समध्ये ट्राय दिसतो, टॅकल दिसत नाहीत. चॅलेंज कप ही वेगळी नॉकआउट स्पर्धा, तिच्या फायनलला लीड्स २००३, २००५, २०१०, २०११, २०१२ असं पाचदा हरलं. पाच! २०१४ ला एकदाचा जिंकला, आणि कोणाला हरवून, तर कॅसलफोर्डला. आणि बरोच्या शेवटच्या मॅचला, २०१७ ची ग्रँड फायनल, समोर परत कॅसलफोर्ड, जे त्या वर्षी टेबलमध्ये पहिले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच ग्रँड फायनलला पोचले होते. २४-६ ने हरले. माझ्या ऑफिसातल्या त्या माणसाला हे विचारायचं नाही असं टीममध्ये ठरलेलं होतं. आमच्याच गावचं पोर आणि आम्हालाच, असं तो म्हणायचा, पण म्हणताना आवाजात कौतुकच जास्त असायचं, हे त्याला सांगितलं तर मात्र चिडायचा.

त्याच्याबरोबर मी एकदा कॅसलफोर्डला गेले होते. पॉन्टेफ्रॅक्टपासून जवळच केलिंग्ली नावाची खाण होती, ब्रिटनमधली शेवटची खोल कोळशाची खाण, ती डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. आता तिकडे मोठी मोठी वेअरहाउसेस आणि कामावर जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग. म्हणजे ज्या मजुरीसाठी १८९५ ला भांडले ती मजुरीच गावात उरली नाही, पण ती बुडू नये म्हणून काढलेला खेळ शिल्लक राहिला. रग्बीचं ग्राउंड अजून घरांच्या मधोमध आहे, जुनाट, पत्र्याचं. मला ते हेडिंग्लेपेक्षा आवडलं.

रिटायर झाल्यावर बरो लीड्सच्याच ज्युनियर पोरांना शिकवायला लागला. बायको लिंडसी फिजिओथेरपिस्ट, सरकारी आरोग्य सेवेत. तीन लहान मुलं. सगळं कसं सुरळीत, या धंद्यात एवढं सुरळीत थोड्यांचंच होतं. मग एका समारंभात बोलताना त्याची जीभ अडखळली, लोकांना वाटलं दोन पेग जास्त झाले असतील. डिसेंबर २०१९ मध्ये निदान झालं, मोटर न्यूरॉन डिसीज. स्टीफन हॉकिंगना होता त्यातला प्रकार. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या पेशी मरत जातात, हात जातात, पाय जातात, बोलणं जातं, गिळणं जातं, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहू शकतं. औषध नाही. डॉक्टरांनी एक-दोन वर्षं सांगितली. वय ३७.

पुढच्याच महिन्यात, १२ जानेवारी २०२० ला, हेडिंग्लेला जेमी जोन्स-बुकॅननच्या टेस्टिमोनियलची मॅच ठरलेली होती, समोर ब्रॅडफर्ड. ती मॅच मग बरोचीच झाली. स्टेडियम खच्चून भरलं, आणि शेवटच्या काही मिनिटांसाठी तो स्वतः मैदानात उतरला. मी तेव्हा लीड्समध्ये नव्हते, नंतर व्हिडिओ बघितला. त्यात मला एक बघायचं होतं की समोरचे त्याला टॅकल कसं करतात. हलकेच धरत होते. आयुष्यभर ज्याच्या अंगावर सगळ्यात जाड माणूस पळवला त्याला हलकेच धरत होते, आणि मला उगाच वाटलं की त्याला हे आवडलं नसणार.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल कारण ती क्लिप आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पण फिरली. सिनफिल्डने या आजारासाठी पैसे जमवायला डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन पळल्या, सात का तर बरोची जर्सी सात नंबरची. टार्गेट ७७,७७७ पौंड होतं, जमले त्याच्या कितीतरी पट. २०२१ ला लेस्टरपासून हेडिंग्लेपर्यंत १०१ मैल चोवीस तासांत. २०२२ ला एडिंबरोहून मँचेस्टर, सात दिवस सात अल्ट्रामॅरेथॉन. आणि १४ मे २०२३ ला लीड्स मॅरेथॉनमध्ये बरोला व्हीलचेअरमध्ये बसवून २६ मैल ढकलत आणलं आणि शेवटची रेषा यायच्या आधी थांबला, त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि उचलूनच रेषा ओलांडली. ती क्लिप आपल्या ग्रुपवर "खरी मैत्री" अशा कॅप्शनखाली आली, मागे बासरी लावलेली. बासरीची काही गरज नव्हती.

मला त्या क्लिपमध्ये मैत्री तर दिसतेच, पण दुसरं पण दिसतं. सिनफिल्ड स्वतः फार कमी बोलतो, आणि बोलला तरी त्याचा सूर असा की टीममध्ये एकजण पडला तर बाकीचे काय करतात, तेच आम्ही करतोय. ही भाषा कामाच्या ठिकाणची आहे. खाणीत खाली अपघात झाला की वरचे लोक उतरायचे, उतरू का असं कोणी विचारायचं नाही. खाणी गेल्या, ही सवय रग्बीच्या ड्रेसिंग रूममध्ये राहिली असं मला वाटतं, आता कोणी म्हणेल हा माझा भाबडेपणा.

बरो चार-साडेचार वर्षं जगला. बोलणं गेल्यावर डोळ्यांनी चालणाऱ्या कॉम्प्युटरवरून, स्वतःच्या जुन्या रेकॉर्ड केलेल्या आवाजातून बोलायचा, आणि विनोद करायचा, यॉर्कशरचे ते कोरडे टोमणे. बरो आणि सिनफिल्ड दोघांनाही २०२४ च्या सुरुवातीला सीबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला. २ जून २०२४ ला बरो गेला, ४१ व्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या सीक्रॉफ्ट हॉस्पिटलच्या आवारात त्याच्या नावाच्या एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज) सेंटरचं भूमिपूजन ठरलेलं होतं, ते घरच्यांनी पुढे ढकललं नाही. अंत्यविधी ७ जुलैला, सातव्या महिन्याच्या सात तारखेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं.

आता मला जे खटकतं ते. ते सेंटर लोकांच्या पैशातून उभं राहिलं, हॉस्पिटलच्या चॅरिटीने ६८ लाख पौंडांचं टार्गेट ठेवलं होतं, आणि लोकांनी पळून, केक विकून, सायकली चालवून ते भरलं. फार मोठी गोष्ट आहे, मी पण फूल ना फुलाची पाकळी दिली. पण ज्या खेळाची सुरुवातच "बुडालेल्या दिवसाचे पैसे द्या" अशी झाली त्याच्या खेळाडूच्या आजारावरचं सेंटर शेवटी वर्गणीतून व्हावं, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही. सिनफिल्डचं कौतुक करताना आपण हा प्रश्न विसरतो, आणि मला वाटतं काही लोकांना तो विसरलेला सोयीचाच असतो.

आणि त्याच्या मागे आणखी एक प्रश्न आहे जो स्टँडमध्ये कोणी मोठ्याने विचारत नाही. डोक्याला इतके धक्के बसतात त्याचं पुढे काय होतं. बरोचा आजार खेळामुळेच झाला असं कोणी म्हणू शकत नाही, कधीही रग्बी न खेळलेल्या हजारो लोकांना तो होतोच. पण २०२२ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा, म्हणजे युनियनवाल्यांचा, अभ्यास छापला, त्यात या आजाराचा धोका इतरांच्या सुमारे १५ पट निघाला. खेळाडू थोडे होते, आकडा जपून वाचावा, मान्य. लीगचे पण बरेच माजी खेळाडू, काहीजण तर चाळिशी-पन्नाशीतच विसरायला लागलेले, संघटनेविरुद्ध कोर्टात गेलेत की धोका माहीत असून आम्हाला सांगितलं नाही, जपलं नाही. टॅकलची उंची कमी करायचे प्रयत्न झाले. त्यावर पण लोक ओरडतात, की खेळ मऊ केला. मी स्वतः त्या धप्प आवाजावर ओरडलेय, आणि तो आवाज नसता तर परत परत गेले असते का, माहीत नाही. बहुतेक नसते.

कॅसलफोर्डच्या त्या माणसाचा मुलगा आठ वर्षांचा आहे, रविवारी सकाळी गावच्या क्लबकडून खेळतो. भारतात परत यायच्या आधी शेवटचं भेटलो तेव्हा मी विचारलंच, की हे सगळं वाचून भीती नाही वाटत का. वाटते ना, म्हणाला, डोकं आपटलं तर कोचच्या आधी मी मैदानात जातो, बायको माझ्या आधी. मग खेळू का देतोस? गावात सगळीच पोरं खेळतात, याला एकट्याला घरी बसवून काय करू. आणि उद्या खरंच कोणी कॉन्ट्रॅक्ट घेऊन दारात आलं तर? त्याने चहा संपवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, आधी इलेक्ट्रिशियनचं पुरं करू दे, मग बघू किती देतायत ते.